सांगणारं कुणीतरी हवं

हेलिकॉप्टरमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. इंजिनं नीट चालत होती, दोन्ही वैमानिक अनुभवी होते आणि मार्ग त्यांच्या रोजच्या सरावाचा होता. १६ जुलै १९८३ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या पेन्झान्सहून ब्रिटिश एअरवेजचं सिकोर्स्की एस-६१ जातीचं हेलिकॉप्टर सिली बेटांकडे निघालं. उड्डाण जेमतेम वीस मिनिटांचं. १९६४ पासून ही सेवा चालू होती आणि बेटावरच्या लोकांना ती एसटीइतकी अंगवळणी पडली होती. त्या दिवशी समुद्र शांत होता, वारा पडलेला होता आणि पाण्यावर दाट धुकं साचलं होतं. सेंट मेरीज बेट जवळ आलं तसं वैमानिकाने हेलिकॉप्टर खाली घेतलं आणि सुमारे अडीचशे फुटांवर सरळ उडायला सुरुवात केली. निदान त्याची समजूत तशी होती. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर हळूहळू खाली जातच राहिलं आणि पूर्ण वेगात पाण्यावर आदळलं. आत २६ माणसं होती. २० जण गेले. सहा जण वाचले, त्यांत दोन्ही वैमानिक होते. बेटावरच्या जीवरक्षक नौकेने त्यांना पाण्यातून काढलं.

चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट होता. हवामान नजरेच्या भरवशावर उडण्याजोगं नव्हतं, दृश्य फसवं होतं. तरीही वैमानिक बाहेर पाहून उडत राहिला आणि नकळत उंची कमी होत असल्याचं त्याच्या ध्यानात आलं नाही. याच निष्कर्षाला वर्तमानपत्रांत ‘वैमानिकाची चूक’ म्हणतात. निष्कर्ष खरा आहे, त्याविषयी वाद नाही. पण त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी नोंदवलेल्या आहेत. उपकरणांकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही ही एक. दुसरी अशी, की उंची धोक्याच्या खाली गेल्यावर आवाज करून सावध करणारी यंत्रणा त्या हेलिकॉप्टरमध्ये नव्हतीच. माणूस चुकत होता आणि तू चुकतो आहेस, हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. समुद्रावरच्या उड्डाणांचा शंभर वर्षांचा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: खाली चाललो आहोत, हे सांगणार कोण?

माणसाचं शरीर ते सांगू शकत नाही. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला डोकं कुठे वळलं ते कळतं. ही रचना जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठी घडली आहे. तिला बदल कळतो, एकसारखी गती कळत नाही. हळूहळू कललेलं यान तिच्या लेखी सरळच असतं आणि संथपणे, एकाच वेगाने खाली जाणं तिला जाणवतच नाही. एरवी ही उणीव डोळे भरून काढतात. क्षितिज, झाडं, घरं, रस्ते यांच्यावरून आपण सरळ आहोत की कललेलो, वर आहोत की खाली, याचा अंदाज सतत चालू असतो. धुक्यातल्या शांत समुद्रावर यांतलं काहीच नसतं. पाणी आणि आकाश एकाच रंगाचे होतात, लाट नसल्यामुळे पाण्याचं अंतर कळत नाही. डोळे उघडे असतात, पण त्यांना पकडायला काही मिळत नाही. अशा वेळी आपण चुकतो आहोत अशी शंकासुद्धा मनात येत नाही. सर्वांत मोठा धोका तोच आहे.

हे ज्ञान नवं नाही. १९२६ साली अमेरिकी सैन्यातले वैमानिक विल्यम ऑकर यांना वैद्यकीय तपासणीत डोळे बांधून फिरत्या खुर्चीत बसवलं गेलं. खुर्ची कोणत्या दिशेला फिरते आहे, थांबली आहे की नाही, हे त्यांना सांगता येईना. मग त्यांनी एका बंद पेटीत वळण दाखवणारं उपकरण बसवलं आणि त्या पेटीत डोळे लावून पुन्हा खुर्चीत बसले. आता प्रत्येक उत्तर बरोबर येऊ लागलं. शरीर खोटं सांगत असेल तेव्हा उपकरणावर विश्वास ठेवायचा, हा धडा त्या खुर्चीने दिला. १९३२ मध्ये ऑकर आणि कार्ल क्रेन यांनी याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्याआधी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी पूर्ण झाकलेल्या आसनावरून, बाहेरचं काहीही न पाहता, विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. त्यांच्यासमोर स्पेरी कंपनीचं कृत्रिम क्षितिज होतं आणि कोल्समन यांचं अचूक उंचीमापक होतं.

म्हणजे उत्तर सापडलं होतं. पण सापडलेलं उत्तर प्रत्येकाच्या हातात पोचायला वेळ लागतो. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं शिक्षण न घेतलेल्या २० वैमानिकांना ढगांत शिरल्यासारख्या परिस्थितीत उडायला लावलं गेलं. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आलं नाही. ताबा जायला सरासरी १७८ सेकंद लागले. जगभरच्या उड्डाणशाळांत हा आकडा आजही सांगितला जातो. तीन मिनिटांच्या आत चांगला, धडधाकट, सावध माणूस विमान कोसळण्याच्या बेताला आणतो आणि शेवटपर्यंत त्याला आपण सरळ उडत आहोत असं वाटत असतं.

हेलिकॉप्टरला या धोक्याची झळ अधिक बसते. विमान उंच जातं, वेगाने जातं आणि लांब धावपट्टीवर उतरतं. हेलिकॉप्टरचं काम मुळातच खालच्या उंचीवरचं आणि कमी वेगाचं असतं. त्याला बेटावर, जहाजावर किंवा तेलविहिरीच्या फलाटावरच्या छोट्या चौकोनात उतरायचं असतं. सोडून दिलेलं विमान काही काळ आपलं आपण सरळ राहतं. हेलिकॉप्टरला मात्र क्षणोक्षणी सावरावं लागतं, वैमानिकाने किंवा स्वयंचलित यंत्रणेने. शिवाय उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात वैमानिकाला उपकरणांवरची नजर उचलून बाहेरच्या दिव्यांकडे न्यावी लागते. ती नेमकी कधी उचलायची हा निर्णय सर्वांत कठीण असतो आणि तो घेताना खाली पाणी फक्त दोन-तीनशे फुटांवर असतं. सिलीच्या हेलिकॉप्टरचा अपघात याच सीमेवर झाला.

आता ‘चूक’ या निदानाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वायुदलाची बी-१७ बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरायची आणि उतरल्यावर धावपट्टीवरच पोट टेकून बसायची. वैमानिक पंखांच्या झडपा मिटवायला जायचे आणि चुकून चाकंच वर घ्यायचे. नोंदी व्हायच्या: वैमानिकाची चूक. १९४३ मध्ये अल्फॉन्स चॅपनिस हे तरुण मानसशास्त्रज्ञ प्रत्यक्ष आसनावर जाऊन पाहून आले. चाकांची आणि झडपांची कळ शेजारी शेजारी होती आणि दोन्हींचा आकार सारखाच होता. अशी रचना नसलेल्या दुसऱ्या विमानांत हा अपघात घडत नव्हता. त्यांनी चाकांच्या कळीला रबरी चाकाचा आकार दिला, झडपांच्या कळीला पाचरीचा. बोटांना अंधारातही फरक कळू लागला. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेले ४६० प्रसंग तपासले आणि त्यांतले बहुसंख्य प्रसंग यंत्राच्या रचनेतूनच उद्भवल्याचं दाखवून दिलं. या दोन कामांमुळे चौकशीचं वळण बदललं. माणूस चुकला, हे चौकशीचं शेवटचं वाक्य होतं. ते पहिलं वाक्य झालं.

सिलीच्या चौकशीने हेच केलं. समुद्रावर प्रवासी नेणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये उंचीचा इशारा कानाला ऐकू आला पाहिजे, ही तिची शिफारस स्वीकारली गेली. ठरलेल्या उंचीखाली गेल्यावर मानवी आवाजात वैमानिकाला सावध करणारं उपकरण ब्रिटिश हेलिकॉप्टरांत आलं. डोळा बाहेर गुंतलेला असतो, कान मोकळा असतो. इतकी साधी ही कल्पना आहे. त्या वीस माणसांच्या मरणातून पुढच्या किती जणांचे प्राण वाचले हे मोजता येणार नाही, कारण न घडलेल्या अपघाताची नोंद कुठेच होत नाही. म्हणूनच अशा सुधारणांवर खर्च करायला माणसं कचरतात.

पण सांगणारं यंत्र मिळालं म्हणजे काम संपत नाही. दुसरा सांगणारा शेजारच्या आसनावर बसलेला असतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. ज्येष्ठ कप्तानाने परवानगी नसताना धाव घेतली होती आणि कनिष्ठ सहकाऱ्याच्या शंकेला तिथे वजन मिळालं नव्हतं. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने बोलावलेल्या परिषदेपासून वैमानिकांना एकत्र काम करण्याचं वेगळं शिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. कनिष्ठाने स्पष्ट बोलायचं, ज्येष्ठाने ऐकायचं आणि यान नेमकं कोणाच्या हाती आहे याबद्दल क्षणभरही संदिग्धता ठेवायची नाही.

हे शिकवलं जात असतानाही २७ डिसेंबर २००६ च्या रात्री इंग्लंडच्या मोरकॅम्ब उपसागरात एक डॉफिन हेलिकॉप्टर वायुविहिरीच्या फलाटावर उतरता उतरता समुद्रात गेलं आणि आतली सातही माणसं दगावली. काळोखात सहवैमानिक यान चालवत होता. फलाट नीट दिसेना, अंदाज सुटू लागला, तेव्हा त्याने मदत मागितली. म्हणजे सांगणाऱ्याने सांगितलं होतं. पण कप्तानाने ताबा घेईपर्यंत मोलाचे काही सेकंद गेले आणि यानाची नेमकी स्थिती त्यालाही उमगलेली नव्हती. हाक वेळेत पोचणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती ऐकणारा तयार असणं महत्त्वाचं, हे त्या रात्रीने शिकवलं.

२३ ऑगस्ट २०१३ ची घटना आणखी पुढचा धडा देते. शेटलंड बेटांवरच्या सम्बर्ग विमानतळाजवळ सुपर प्यूमा जातीचं हेलिकॉप्टर उतरण्याच्या तयारीत होतं. आत १८ जण होते, बहुतेक तेलविहिरींवरून परतणारे. खाली जाण्याचा दर स्वयंचलित यंत्रणा सांभाळत होती, इंजिनाची शक्ती मात्र वैमानिकाच्या हाती होती. शक्ती कमी पडली. ठरलेला दर राखण्यासाठी यंत्रणा नाक वर करत राहिली आणि वेग घटत गेला. उपकरणांवर हे सगळं दिसत होतं, पण तिकडे पुरेसं लक्ष नव्हतं. वेग फार कमी झाल्याचं ध्यानात आलं तोवर सावरायला उंची उरली नव्हती. चार प्रवासी दगावले. तीस वर्षांपूर्वी यंत्र मुकं होतं म्हणून अपघात झाला होता. इथे यंत्र नेमून दिलेलं काम चोख करत होतं आणि त्याच्यावर देखरेख करायची माणसाची सवय सैल पडली होती.

त्यानंतर ब्रिटिश हवाई नियामकाने २०१४ मध्ये मोठा आढावा घेतला आणि नियम थेट बदलले. समुद्र फार खवळलेला असेल तर उड्डाण नाही. पाण्याखाली श्वास घेता यावा असं चांगलं उपकरण प्रवाशाजवळ नसेल, तर त्याला बाहेर ढकलून उघडता येणाऱ्या खिडकीशेजारीच बसवायचं. हेलिकॉप्टरचं जड इंजिन वरच्या बाजूला असतं, त्यामुळे पाण्यावर ते चटकन उलटं होतं आणि आदळण्यातून वाचलेली माणसं बुडून मरतात. वैमानिक पुन्हा चुकला तरी प्रवासी जगला पाहिजे, असा विचार या नियमांमागे आहे. चूक होणार हे मान्य करूनच सुरक्षितता उभारता येते.

मुंबईकराला या गोष्टी परक्या वाटू नयेत. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळलं. उड्डाणानंतर दोन मिनिटंही झाली नव्हती. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. शहराचे दिवे मागे पडले, समोर काळा समुद्र आला आणि त्याच सुमारास कप्तानासमोरचं कृत्रिम क्षितिज चुकीचं दाखवू लागलं. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेलं आहे असं समजून कप्तानाने ते डावीकडे कलवलं आणि कलवतच नेलं. त्या उपकरणावर जाऊ नका, असं फ्लाइट इंजिनिअरने सांगण्याचा प्रयत्न केल्याचं ध्वनिमुद्रणात आहे. पण सांगणं आणि कळणं यांत जे अंतर होतं, तेवढा वेळ त्या विमानाकडे नव्हता.

याच समुद्रावर आज आपली हेलिकॉप्टरं उडतात. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि तेव्हापासून माणसं तिथे जा-ये करत आहेत. चौदा दिवस फलाटावर, चौदा दिवस घरी, असं त्यांचं आयुष्य चालतं. जुहूच्या विमानतळावरून त्यांना नेणारी हेलिकॉप्टरं अंधेरी-विलेपार्ल्याच्या गच्च्यांवरून दिसतात. देशात निघणाऱ्या तेलाचा मोठा भाग त्यांच्या कष्टातून येतो आणि त्यांच्या कामाचा सर्वांत धोक्याचा तास बहुधा प्रवासाचाच असतो.

या समुद्राने किंमत घेतली आहे. ११ ऑगस्ट २००३ रोजी एमआय-१७२ हेलिकॉप्टर कोसळून पंचवीसहून अधिक माणसं गेली. ४ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री, रात्रीच्या उड्डाणाचा सराव करताना, पवन हंसच्या डॉफिन हेलिकॉप्टरचे दोन वैमानिक गेले. १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी जुहूहून निघालेलं डॉफिन काही मिनिटांतच संपर्काबाहेर गेलं. ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक, सातही जण दगावले. २८ जून २०२२ रोजी, ऐन पावसाळ्यात, सिकोर्स्की एस-७६डी ‘सागर किरण’ या रिगजवळ पाण्यात उतरलं. तरंगण्यासाठीचे फुगे उघडले आणि नऊपैकी पाच जण वाचले, चार जण गेले. प्रत्येक अपघाताची परिस्थिती वेगळी आणि प्रत्येकाची चौकशीही वेगळी. पण चारही वेळा बातमी काही दिवस चालली आणि नंतर तो विषय त्या घरांपुरताच उरला.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं हा नाही. भारताने हे तत्त्व स्वीकारलेलं आहे आणि २०१२ पासून चौकशीसाठी स्वतंत्र विभागही आहे. आपल्या मनाने मात्र हे तत्त्व अजून स्वीकारलेलं नाही. अपघात झाला की आपण विचारतो, कोणाचं चुकलं? मेलेल्या वैमानिकाचं नाव मिळालं की प्रश्न मिटतो. यंत्र बनवणारी कंपनी, हेलिकॉप्टर चालवणारी कंपनी, ते भाड्याने घेणारी कंपनी आणि परवाना देणारं सरकार या सगळ्यांसाठी ते उत्तर सोयीचं असतं. वैमानिक उत्तर द्यायला नसतो. त्याच्या कुटुंबाला दुःखाबरोबर कलंकही वाहावा लागतो. यापेक्षा मोठा अन्याय पुढच्या प्रवाशांवर होतो, कारण ज्या परिस्थितीत तो चुकला ती तशीच राहते आणि पुढच्या वैमानिकाची वाट पाहते.

वैमानिकाला जबाबदारीतून सोडावं असं मी म्हणत नाही. धुक्यात शिरायचं की परतायचं हा निर्णय त्याचा आहे आणि त्याच्या मागे बसलेल्यांचे जीव त्या निर्णयावर टांगलेले असतात. पण परत फिरणाऱ्या वैमानिकाच्या पाठीशी कोण उभं राहतं? हवामान पाहून उड्डाण नाकारल्याबद्दल त्याला कुणी जाब विचारणार नाही, हे कंत्राटात लिहिलेलं असलं पाहिजे. हेलिकॉप्टर सेवेचं कंत्राट देताना किमतीइतकंच वजन उंचीच्या इशाऱ्याच्या यंत्रणेला, सिम्युलेटरवरच्या सरावाला आणि प्रत्येक उड्डाणाची नोंद तपासण्याच्या पद्धतीला दिलं पाहिजे. रोजच्या उड्डाणांतली छोटी घसरण अशा नोंदींत दिसते आणि ती अपघात होण्याआधी दिसते. ती दाखवून देणाऱ्याला शिक्षा होणार असेल, तर कुणी दाखवणार नाही.

चौकशीचे अहवालही वेळेत आले पाहिजेत. सम्बर्गच्या अपघातानंतर स्कॉटलंडमधली न्यायालयीन चौकशी संपायला सात वर्षं लागली, तेव्हा दिरंगाई ही केवळ आपलीच व्याधी नाही. पण नियामकाने नियम बदलायला सात वर्षं थांबून पाहिलं नाही. ते बदल सहा महिन्यांच्या आसपास जाहीर झाले. आपल्याकडे प्रत्येक शिफारशीपुढे ती अमलात आली की नाही, केव्हा आली आणि कोणी आणली, हे जाहीर व्हायला हवं. तो मजकूर इंग्रजी अहवालातच अडकून राहू नये. फलाटावर जाणाऱ्या फिटरला, वेल्डरला, स्वयंपाक्याला तो मराठीत आणि हिंदीत वाचायला मिळाला पाहिजे. आपण ज्या खिडकीशेजारी बसतो ती का उघडते आणि कुणाच्या मरणातून ती आली, हे ज्याला माहीत आहे तो सुरक्षिततेची सूचना कंटाळून ऐकत नाही. त्रुटी दिसली तर तोही बोलतो. उपकरणाने सांगावं, सहवैमानिकाने सांगावं, प्रवाशाने सांगावं, कंत्राटदाराने सांगावं, नियामकाने सांगावं. यांतला एक चुकला तरी दुसरा उभा असेल, अशी रचना करणं म्हणजेच सुरक्षितता.

पुढच्या वेळी समुद्रावरच्या अपघाताच्या बातमीत ‘वैमानिकाची चूक’ असा मथळा येईल तेव्हा आपण तिथे थांबू नये. अहवालाची पुढची पानं मागावीत. शिफारशी कोणत्या आहेत, त्या कोणत्या तारखेपर्यंत पुऱ्या होणार आणि त्यासाठी कोणत्या पदावरचा माणूस उत्तरदायी आहे, हे आमदारांनी, खासदारांनी, कामगार संघटनांनी आणि वर्तमानपत्रांनी विचारत राहावं. चौदा दिवसांसाठी आपलं माणूस समुद्रावर पाठवणाऱ्या घराला ही उत्तरं मिळाली पाहिजेत आणि ती अपघाताची वाट न पाहता मिळाली पाहिजेत.